वेब डिझाइनच्या छोट्या धंद्याला नाव काय द्यायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वेबसाइट बनवायचं काम अकरा वर्षं करतोय, आधी एकटाच होतो, आता आम्ही तिघं आहोत. नवीन सुरू करणारी मुलंमुली फोन करतात तेव्हा होस्टिंग कुठलं घेऊ हे कमी विचारतात, नाव काय ठेवू हेच जास्त. परत परत तेच टाइप करून कंटाळलो म्हणून सगळं एका जागी टाकलंय. प्रश्न जसे आले तसेच ठेवलेत, थोडे शिव्याशाप वगळून.

१. अजून एकही क्लायंट नाहीये. नाव आधी ठरवू की काम आधी शोधू?

काम शोधा. पहिली दोन-तीन कामं स्वतःच्या नावावर केली तरी काही बिघडत नाही, बिल तुमच्या नावाने फाडा, खाली पॅन नंबर टाका, पैसे सेव्हिंग अकाउंटला घ्या. मी अशी पोरं बघितलीत ज्यांनी नाव, लोगो, व्हिजिटिंग कार्ड, कॉफीचा मग सगळं छापून घेतलं आणि सहा महिन्यांनी कळलं की आपल्याला वेबसाइटपेक्षा रील एडिट करायला जास्त आवडतं. दोन-तीन कामं झाली की आपल्याकडे कोण येतंय ते कळतं, म्हणजे दवाखाने येतायत, मंगल कार्यालयं येतायत की एक्स्पोर्टवाले, आणि मग नाव सुचणंही सोपं जातं.

२. चांगलं नाव म्हणजे नेमकं कसं? छोटं हवं, युनिक हवं, मॉडर्न हवं, सगळे वेगवेगळं सांगतात.

माझी एकच परीक्षा आहे, नाव फोनवर एकदा सांगितलं की समोरच्याला लिहिता आलं पाहिजे. बस. आपल्या धंद्यात काम जाहिरातीने कमी येतं आणि 'माझ्या मेव्हण्याची वेबसाइट ज्यानं केली त्याचा नंबर देतो' असं जास्त येतं, म्हणजे नाव तोंडातून कानात जातं, लोगो कोणी बघत नाही.

हे मी पैसे घालवून शिकलोय. माझ्या पहिल्या नावात पिक्सेल होतं आणि शेवटी एस ऐवजी झेड, तेव्हा फार भारी वाटलेलं. सांगलीचे एक हळदीचे व्यापारी, त्यांना फोटो मेल करायला सांगितले. म्हटलं, "शेवटी झेड आहे हं काका." "कुठला झेड?" "झेब्राचा." "झेब्रा म्हणजे तो पट्ट्यापट्ट्यांचा?" "हो तोच." "बरं, लिहिलं." चार दिवस फोटो नाहीत, मी वाट बघतोय, ते वाट बघतायत. शेवटी कळलं त्यांनी एस लावून पाठवले होते आणि त्या पत्त्यावर दुसराच कोणीतरी बसला होता. त्यांच्या गोडाऊनचे आणि कामगारांचे चाळीस फोटो कुणा अनोळखी माणसाकडे गेले. त्या वर्षात मी 'झेब्राचा झेड' किती वेळा म्हणालो असेन ते विचारू नका.

तर परीक्षा अशी करा. पाच जणांना फोन लावा, त्यात एक पन्नाशीच्या पुढचा माणूस हवा आणि एक तुमच्या जिल्ह्याबाहेरचा. नाव एकदाच सांगा, स्पेलिंग सांगू नका, आणि म्हणा व्हॉट्सॅपवर टाइप करून पाठवा. पाचपैकी चार जणांनी बरोबर पाठवलं तर पुढे जा. पाच जणांकडून पाच स्पेलिंगं आली तर नाव कितीही लाडकं असलं तरी सोडा.

३. मराठी नाव ठेवलं तर क्लायंट डाऊनमार्केट समजतील का?

नाही समजत. उलट लक्षात राहतं. अडचण वेगळीच आहे, मराठी शब्द इंग्रजी अक्षरात लिहायची एक पद्धत नाही. 'चौकट' घ्या, वेब डिझाइनला किती छान शब्द आहे. पण 'चौ' कोणी ए-यू ने लिहितो, कोणी ओ-यू ने, कोणी ओ-डब्ल्यूने, झाली तीन डोमेनं, म्हणजे वेबसाइटचे तीन वेगळे पत्ते. 'जिव्हाळा' मधला ळ इंग्रजीत एल होतो आणि पुण्याबाहेर गेलात की लोक 'जिवाला' वाचतात. 'ठसा' मधला ठ आणि थ एकच, त्यामुळे ते 'थसा' पण होतं. ण, ळ, ठ, ढ, ज्ञ आणि ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ असलेले शब्द फोनच्या परीक्षेत (प्रश्न २) हमखास आपटतात.

टिकतात कुठले, तर साध्या अक्षरांचे, दोन ते चार अक्षरी. पाटी, रेघ, कोपरा, गिरमिट, असले. रेघ मध्ये सुद्धा एक ई की दोन हा प्रश्न येतोच, पण दोन स्पेलिंगं असतील तर दोन्ही डोमेन घेऊन एकाला दुसऱ्यावर वळवता येतं, पाच घेऊन बसता येत नाही.

४. माझे अर्धे क्लायंट हिंदी भाषिक आहेत, त्यांचं काय?

त्यांच्यासमोर शब्द एकदा मोठ्याने म्हणून बघा. मराठीत संधी म्हणजे चान्स, हिंदीत तह. आपली यातायात म्हणजे वणवण, त्यांची ट्रॅफिक. उलट बाजूने तर अजून मजा, हिंदीत 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न आणि 'शिक्षा' म्हणजे शिक्षण. हिंदी भाषिक माणसाने कौतुकाने 'चेष्टा डिझाइन्स' काढलं तर सदाशिव पेठेतला माणूस कोटेशन मागायच्या आधी हसून घेईल.

५. आडनाव लावू का? आमच्याकडे तसंच लावतात.

लावतात आणि चालतं पण. किर्लोस्कर १८८८ साली बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरू झाले आणि आडनावावरच मोठे झाले. चितळे, गाडगीळ, आपल्याला सवयच आहे. आडनावाचा फायदा म्हणजे विश्वास, माणूस पळून जाणार नाही असं वाटतं, डॉक्टर आणि वकील क्लायंटना ते आवडतं.

तोटे दोन. एक, कुलकर्णी, पाटील, जाधव, शिंदे ही आडनावं गल्लोगल्ली आहेत, नुसतं 'पाटील वेब' म्हटलं तर कुठले पाटील हे परत सांगावं लागतं. दोन, क्लायंटला कायम तुम्हीच हवे असता. नावात पाटील आणि फोन उचलणारा वेगळा, की लगेच "साहेब नाहीत का?" एकट्यानेच काम करायचं असेल तर आडनाव उत्तम, माणसं ठेवायची असतील तर विचार करा.

६. नावात वेब, टेक, इन्फोटेक, सोल्युशन्स असलं काहीतरी पाहिजे ना, नाहीतर काम काय ते कळणार कसं?

काम बोर्डावर, कार्डावर नावाखाली एका ओळीत लिहा ना, 'वेबसाइट डिझाइन, नाशिक', कळलं. नावात घुसवलं की तीन त्रास होतात. सगळ्यांसारखं होतं. उद्या ॲप किंवा ब्रँडिंग करायला लागलात की 'वेब' अडचण होते. आणि नुसतं कामाचं वर्णन करणारं नाव ट्रेडमार्कमध्ये, म्हणजे नाव कायद्याने आपलं करून घेताना, अडकतं, १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ९ खाली वर्णन करणाऱ्या शब्दांवर हरकत येते. 'बेस्ट वेबसाइट डिझाइन' हे नाव कोणा एकाचं कसं होणार, सगळेच तेच करतात.

अजून एक, गुगल मॅप्सवरच्या प्रोफाइलला नावापुढे 'बेस्ट वेबसाइट डिझायनर इन पुणे' असं जोडायचा मोह होतो. गुगलचा नियम आहे की बाहेर जे नाव वापरता तेच तिथे लिहायचं, उगाच शब्द जोडले तर प्रोफाइल सस्पेंड होऊ शकतं आणि मग रिव्ह्यूसकट सगळं गायब.

७. आईने ज्योतिषाला विचारलं, त्यांनी स्पेलिंगमध्ये एक जास्तीचा ए घालायला सांगितलाय. काय करू?

आईशी भांडू नका. जास्तीचा ए लोगोत आणि कागदपत्रात घाला, डोमेन मात्र दोन्ही घ्या आणि ईमेल साध्या स्पेलिंगवर चालवा. आई खूश, हळदवाले काका खूश. फक्त गुमास्ता (धंद्याची सरकारी नोंद), बँक, जीएसटी सगळीकडे तोच जास्तीचा ए सारखा येईल हे बघा, एकीकडे आहे आणि एकीकडे नाही असं झालं की बँकवाले फॉर्म परत करतात.

८. नाव ठरलं पण डॉट कॉम गेलेलं आहे. पुढे डॅश टाकून घेऊ का?

आधी त्या डॉट कॉमवर कोण बसलंय ते उघडून बघा. रिकामं आहे आणि विकायला ठेवलंय, तर विसरा आणि डॉट इन घ्या, भारतातल्या क्लायंटला डॉट इनची आता सवय आहे. दुसऱ्याच कुठल्या धंद्याचं आहे, समजा केनियातली ट्रॅव्हल कंपनी, तरी डॉट इन चालेल. पण वेबसाइट बनवणाराच कोणी असेल तर नाव बदला, तुमचे मेल त्याला जाणार आणि त्याची बदनामी तुम्हाला चिकटणार.

डॅश नकोच. फोनवर 'मध्ये डॅश' म्हटलं की कोणी अंडरस्कोअर टाकतं, कोणी खरंच डी-ए-एस-एच लिहितं, झालेलं आहे.

मोठ्या ब्रँडच्या नावाला इंडिया जोडून डोमेन घ्यायची आयडिया येत असेल तर याहूचा किस्सा वाचा, याहूइंडिया नावाच्या डोमेनवर १९९९ मध्ये दिल्ली हायकोर्टाने मनाई दिली. सुप्रीम कोर्टाने २००४ साली सत्यम इन्फोवेच्या केसमध्ये सिफी आणि सिफीनेटच्या भांडणात सरळ सांगितलं की डोमेन नेमलाही ट्रेडमार्कसारखंच संरक्षण आहे. म्हणजे डोमेन मिळालं याचा अर्थ नाव मिळालं असा होत नाही.

आणि डोमेन स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या अकाउंटमधून घ्या. मित्राच्या अकाउंटमध्ये ऑफर होती म्हणून घेतलेली डोमेनं मैत्री तुटल्यावर परत मिळवायला काय लागतं ते आपण क्लायंटना सांगत असतो, आणि स्वतः तेच करतो.

९. डॉट भारत वर देवनागरीत डोमेन घेतलं तर?

घ्या, हौस म्हणून. २०१४ पासून मिळतंय, मराठीत टाइप करता येतं, बघायला छान दिसतं. पण आत कॉम्प्युटरसाठी त्याचं एक्सएन आणि दोन डॅशने सुरू होणारं इंग्रजी रूप असतं, लिंक कॉपी केली की काही ठिकाणी तेच अगम्य दिसतं आणि लोकांना व्हायरस वाटतो. देवनागरी ईमेल पत्ता बरेच वेबसाइटवरचे फॉर्म घेतच नाहीत. मुख्य डोमेन साधं ठेवा, हे त्यावर वळवा.

१०. हे नाव आधीच कोणी घेतलंय का ते कुठे कुठे बघायचं?

साधारण अर्धा तास लागतो, लोगो करायच्या आधी घालवा. गुगलवर नाव आणि शेजारी आपलं शहर, मग नुसतं नाव. गुगल मॅप्स. इन्स्टाग्राम. मग कंपनी मंत्रालयाच्या साइटवर कंपन्यांची नावं. आणि शेवटी ट्रेडमार्कची सरकारी पब्लिक सर्च, ती फुकट आहे, तिथे क्लास (म्हणजे धंद्याचा प्रकार) ४२ टाकायचा, वेबसाइट आणि सॉफ्टवेअर डिझाइन त्यात येतं. जाहिरात, मार्केटिंगही करत असाल तर ३५ पण बघा.

तिथे 'फोनेटिक' म्हणून पर्याय आहे तो जरूर वापरा, कारण स्पेलिंग वेगळं असलं तरी उच्चार सारखा असेल तर भांडण होतंच. महिंद्रा अँड महिंद्राने महेंद्र अँड महेंद्र पेपर मिल्सवर मुंबई हायकोर्टात दावा लावला होता, एक गाड्या बनवणारा, दुसरा कागद, तरीही मनाई मिळाली आणि २००१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम ठेवली. तुम्ही तर एकाच धंद्यात आहात.

११. गुमास्ता काढला, उद्यम पण झालं. म्हणजे नाव आता माझं ना?

नाही! हा गैरसमज सगळ्यात जास्त आहे. गुमास्ता म्हणजे इथे असा असा धंदा चालतो अशी नोंद. उद्यम म्हणजे तुम्ही लघुउद्योग आहात याची नोंद, सरकारी पोर्टलवर आधार आणि पॅनवर फुकट होते, त्यासाठी हजार रुपये मागणाऱ्या साइट्स खाजगी एजंटांच्या असतात. जीएसटीमध्ये लीगल नेम पॅनवरचं, म्हणजे तुमचं स्वतःचं, आणि धंद्याचं नाव ट्रेड नेम म्हणून येतं, सर्व्हिसमध्ये उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेल तर सहसा जीएसटी नंबर घ्यावाही लागत नाही. यातलं कोणीही 'हे नाव दुसऱ्याचं आहे का' हे तपासत नाही. एकाच नावाचे दहा गुमास्ते निघू शकतात.

मग काढायचे कशाला? करंट अकाउंटसाठी. प्रोप्रायटरी, म्हणजे एकट्याच्या मालकीच्या, फर्मच्या नावाने खातं उघडायला बँक धंद्याचे दोन पुरावे मागते, त्यात गुमास्ता आणि उद्यम चालून जातात. आणि ते खातं नसेल तर क्लायंटने फर्मच्या नावाने चेक दिला की तो तुमच्या सेव्हिंगला जमा होत नाही, मग परत त्याच्या ऑफिसात जाऊन 'तेवढं नाव बदलून द्या' म्हणावं लागतं, आणि अकाउंटंट नेमका रजेवर असतो.

१२. मग ट्रेडमार्क घ्यावाच लागतो का? खर्च किती?

पहिल्या वर्षी घाई नको. नाव टिकतंय, बाहेरगावची कामं यायला लागली, मग करा. ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एकट्या व्यक्तीला, स्टार्टअपला किंवा छोट्या उद्योगाला एका क्लासला ४,५०० रुपये, बाकीच्यांना ९,०००. उद्यम प्रमाणपत्राचा खरा उपयोग इथे होतो, पार्टनरशिप किंवा कंपनी असलात तरी कमी फी लागते. वकिलाची किंवा एजंटची फी वेगळी. महाराष्ट्र आणि गोव्याचं ऑफिस मुंबईत अँटॉप हिलला आहे, पण अर्जासाठी जायची गरज नाही. ट्रेडमार्कच्या सरकारी जर्नलमध्ये छापून आल्यावर चार महिने कोणीही हरकत घेऊ शकतो, आणि एकदा मिळाला की दहा वर्षं, मग रिन्यू.

बारीक टीएम कोणीही, अर्ज न करताही लावू शकतो. गोलातला आर मात्र नोंदणी झाल्याशिवाय लावायचा नाही, कायद्याने मनाई आहे आणि दंड होऊ शकतो. लोगो बनवताना 'छान दिसतो' म्हणून लावणारे डिझायनर आपल्यातच आहेत.

१३. घरातल्या खोलीतून काम करतो. बोर्ड मराठीत लावावा लागेल का?

बोर्डच लावला नाही तर प्रश्न नाही. ऑफिस घेऊन बोर्ड लावलात तर मराठीत, देवनागरीत हवाच, आणि दुसऱ्या भाषेतलं नाव मराठीपेक्षा मोठं नको. २०२२ मध्ये कायदा बदलून छोट्या दुकानांनाही हे लागू झालं आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने दोन महिन्यांची मुदत देऊन वाद संपवला. म्हणून नाव ठरवतानाच देवनागरीत लिहून बघा. इंग्रजीत स्टायलिश दिसणारं, स्वर गाळलेलं नाव देवनागरीत फ्लेक्सवर लिहिलं की औषधाचं नाव वाटतं.

१४. आम्ही दोघं मैत्रिणी आहोत, दोघींच्या नावाची अक्षरं जोडून नाव केलं तर?

गोड वाटतं, पण दोघींपैकी एकीचं लग्न, नोकरी, परदेश काहीतरी होतं आणि उरलेली दुसरीचं अर्धं नाव घेऊन फिरते. करायचंच असेल तर आत्ताच कागदावर लिहा की वेगळ्या झालात तर नाव, डोमेन आणि इन्स्टा कोणाकडे राहणार. पार्टनरशिप रजिस्टर करणार असाल तर एक गंमत, १९३२ च्या भागीदारी कायद्यात रॉयल, किंग, क्वीन, इम्पिरियल असले शब्द फर्मच्या नावात सरकारच्या परवानगीशिवाय चालत नाहीत, इंग्रज गेले पण कलम ५८ राहिलं.

१५. नुसतं वजन यावं म्हणून पुढे 'प्रा. लि.' लावलं तर कोण बघतंय?

लावू नका. कंपनी नसताना तसं लावलं तर २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम ४५३ खाली दिवसाला ५०० ते २,००० रुपये दंड आहे, दिवसाला! आणि मोठ्या क्लायंटचा अकाउंट्सवाला पॅन बघतो तेव्हा चौथं अक्षर पी दिसतं, म्हणजे व्यक्ती, कंपनीचं असेल तर सी असतं, तिथेच पकडला जाता. 'स्टुडिओ' लावा, त्याला कोणी विचारत नाही.

खरंच कंपनी काढत असाल तर कंपनी मंत्रालयाच्या फॉर्ममध्ये दोन नावं सुचवता येतात, मंजूर झालेलं २० दिवस राखून ठेवतात, तेवढ्यात बाकीचे कागद तयार पाहिजेत. आणि महाराजांचं नाव धंद्याला द्यायचा विचार असेल तर १९५० चा बोधचिन्हं आणि नावांचा कायदा आडवा येतो, छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव त्याच्या यादीत आहे.

१६. पाच वर्षं मी हे नाव वापरतोय, आता दुसऱ्या शहरातल्या कोणीतरी त्याच नावाचा ट्रेडमार्क घेतला. मी नाव सोडायचं?

लगेच नाही. आधी कोण वापरत होतं याला कायद्यात किंमत आहे, ट्रेडमार्क कायद्याचं कलम ३४. पुण्याच्या बर्गर किंग हॉटेलची केस याच मुद्द्यावर गाजली, पुण्याचं हॉटेल नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून, अमेरिकन कंपनीची दुकानं भारतात २०१४ ला आली, आणि २०२४ मध्ये पुण्याच्या कोर्टाने अमेरिकन कंपनीचा दावा फेटाळला. पण तिथे संपलं नाही, प्रकरण वर हायकोर्टात गेलं, आणि आपल्याकडे तेवढे पैसे आणि वर्षं नसतात.

म्हणून पुरावे ठेवा. पहिलं बिल, डोमेन घेतल्याची पावती, जुने मेल, बोर्डाचा फोटो तारखेसकट. मग वकिलाला भेटा, नोटीस आली असेल तर रागाच्या भरात व्हॉट्सॅपवर उत्तर देऊ नका.

१७. नाव बदलायचं ठरवलंय. काय काय बदलावं लागेल?

गुमास्ता, उद्यम, जीएसटीतलं ट्रेड नेम, बँक, क्यूआर कोड, गुगल प्रोफाइल, बिलाचा फॉरमॅट, मेलची सही. गुगलवर नवीन प्रोफाइल काढू नका, जुन्याचंच नाव बदला म्हणजे रिव्ह्यू राहतात. क्लायंटला एक ओळीचा मेसेज, 'नाव बदललंय, माणसं आणि नंबर तोच', निबंध नको.

जुनं डोमेन मात्र सोडू नका. मी झेडवालं सोडलं, म्हटलं वर्षाला हजारभर रुपये कशाला. जुन्या क्लायंटच्या प्रत्येक साइटच्या फूटरमध्ये 'डिझाइन बाय' म्हणून माझी लिंक होती हे डोक्यातच नाही. सात-आठ महिन्यांनी एका शाळेच्या मुख्याध्यापिका बाईंचा फोन, "सर, आमच्या वेबसाइटवर खाली तुमच्या नावावर क्लिक केलं की रमी का येते?" कोणीतरी डोमेन उचलून त्यावर पत्त्यांची साइट टाकली होती, आणि पालकसभेत एका पालकाने ती मोठ्या स्क्रीनवर उघडून दाखवली. त्या रात्री बसून एकवीस साइट्सचे फूटर हाताने बदलले, दोघांचे पासवर्ड सापडत नव्हते, त्यातला एक अजून सापडलेला नाही.